अधिक महिना नसलेले कॅलेंडर

उर्दू शाळेत आम्हाला सर्वांत जास्त प्रश्न कॅलेंडरवर विचारले जातात. जानेवारीत नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की पोरे आधी सुट्ट्या मोजतात. रविवारी पडलेली सुट्टी बघून हळहळतात. मग कोणीतरी विचारतेच, "सर, अपनी ईद एक जगे पे कायकू नै रैती? गणपती तो हर साल बरसातमेंच आता."

प्रश्न सोपा आहे. उत्तर देताना मात्र आकाश, कुरआन आणि आमचे कुरुंदवाड अशी तिन्ही ठिकाणे फिरून यावे लागते. तास संपतो, उत्तर संपत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडावे असे वाटले.

आधी आकाश. चांद दिसल्यापासून पुन्हा चांद दिसेपर्यंत 29 किंवा 30 दिवस. असे 12 महिने म्हणजे 354 दिवस, कधी 355. सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. दरवर्षी 11 दिवसांचा फरक पडतो. आपल्या शेजाऱ्यांचे महिनेही चंद्राचेच. चैत्र काय, भाद्रपद काय, अमावास्येनंतरच सुरू होतात. पण त्यांनी 11 दिवसांची ही तूट साठू दिली आणि साधारण 32-33 महिन्यांनी एक जादा महिना घालून ती भरून काढली. तो अधिक महिना, म्हणजेच धोंड्याचा महिना. त्यामुळे गणपती पावसाळा सोडत नाही आणि दिवाळी थंडीची चाहूल सोडत नाही.

इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने पुढेमागे सरकवण्याची रीत होती. तिला 'नसी' म्हणत. पवित्र महिन्यात लढाई करायची नाही असा नियम. पण लढाई करायचीच असेल तर महिनाच पुढे ढकलायचा! सूरह तौबामध्ये महिन्यांची संख्या बारा असल्याचे सांगून या सरकवासरकवीला स्पष्ट मनाई केली आहे. तेव्हापासून आपल्या कॅलेंडरला अधिक महिना नाही. रमजान उन्हाळ्यात आला म्हणून तो हिवाळ्यात ढकलता येत नाही.

याचा एक फायदा आम्ही मुलांना नेहमी सांगतो. कुरुंदवाडात जूनमधला रोजा सहेरीपासून इफ्तारपर्यंत साडेचौदा तासांच्या आसपास जातो आणि डिसेंबरमधला साडेबारा तासांच्या आत. आपल्याकडे फरक दोनेक तासांचा. पण लंडनला जूनमध्ये हाच रोजा अठरा तासांवर जातो. रमजान जर एकाच ऋतूत खिळवून ठेवला असता, तर कुठल्यातरी मुलखातल्या लोकांना जन्मभर लांब रोजे आणि कुठल्यातरी मुलखाला जन्मभर आखूड. चांद फिरतो म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही येतात. ज्यांनी पन्नास वर्षे रोजे धरले, त्यांनी भर मेचा रोजाही धरला आहे आणि आषाढातला ओला रोजाही.

इथपर्यंतचे पुस्तकात सापडते. पुढचे आम्हाला कुरुंदवाडने शिकवले.

दोघांचेही महिने एकाच चंद्राने सुरू होतात. फरक एवढाच की त्यांची प्रतिपदा पंचांगातल्या गणिताने लागते आणि आपली पहिली तारीख डोळ्यांना कोर दिसल्यावर, म्हणजे एखाद-दोन दिवस मागून. त्यामुळे आपला दहावा दिवस त्यांच्या दशमी ते द्वादशीच्या दरम्यान कुठेतरी पडतो. महिन्यांच्या जोड्या मात्र बदलत राहतात. त्यांचा अधिक महिना आला की आपला महिना त्यांच्या मागच्या महिन्याशी जाऊन जोडला जातो. पुढचा अधिक येईपर्यंत तीच जोडी टिकते, कधी दोन वर्षे, कधी तीन.

मोहरमचेच बघा. 2012, 2013 आणि 2014 मध्ये मोहरमचा चांद भाऊबीजेच्या आसपास दिसला. भाऊ नसलेली बहीण त्या दिवशी चंद्राला ओवाळते. शेजारच्या अंगणात चंद्राला ओवाळणी आणि आमच्या गच्चीवर 'दिसला का, दिसला का' चालू. 2015 ते 2017 अशी तीन वर्षे मोहरम आणि नवरात्र बरोबर चालले. 2016 ला दसरा 11 ऑक्टोबरला आणि आशुरा 12 ला. 2018 च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि मोहरम भाद्रपदात जाऊन बसला. तो अधिक ज्येष्ठ आणि त्या वर्षीचा रमजान जवळजवळ पूर्ण महिनाभर एकमेकांवर पडले होते. गल्लीत जावयांना धोंड्याचे वाण आणि अनारसे, आणि आम्ही त्याच वासातून रोजा घेऊन शाळेच्या कामाला जायचो. कुणाचे वाईट वाटून घ्यायचा प्रश्नच नव्हता. जावई आमच्या नशिबात नव्हता, इतकेच.

मग 2018, 2019 आणि 2020. या तीन वर्षांसाठी कुरुंदवाडचे नाव बाहेरच्या लोकांनी ऐकले.

ज्यांनी आमचे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडेसे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातले हे गाव पंचगंगेकाठी वसले आहे. पलीकडे नृसिंहवाडी, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी; 1948 साली संस्थान विलीन झाले. वाडीला दत्त, आणि आमच्याकडे घाट, वाडे, मशिदी. इथल्या मशिदी म्हणजे केवळ नमाजाच्या जागा नाहीत. मोहरममध्ये तिथे पीर बसतात. पीर म्हणजे चांदी-पितळेचे पंजे, रेशमी कापडात सजवलेले. चांद दिसला की मशिदीसमोर खाईसाठी कुदळ मारली जाते. घराघरांत चोंगे होतात. गव्हाच्या पिठात गूळ मळून, वर नक्षी उमटवून भाजलेले चोंगे. मलिदा होतो, सरबत होते. नवस बोललेल्या घरची पोरे गळ्यात दोरा घालून फकीर होतात आणि त्या पोरांत आडनावाने मुसलमान किती आणि इतर किती हे मोजायला बसले तर मोजणाराच दमेल.

या मशिदींपैकी कुडेखान, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना या पाच मशिदींत गणपती आणि पीर एका छताखाली बसतात. 2018 पासून तिन्ही वर्षे गणेश चतुर्थी मोहरमच्या 2 तारखेला आली आणि आशुऱ्यानंतर दोनच दिवसांनी अनंत चतुर्दशी. एका बाजूला पंजा, एका बाजूला मूर्ती. उदाचा धूर आणि धूप यांतला फरक नाकाला कळेनासा झाला. आरती झाली की फातेहा, फातेहा झाली की मोदक आणि मलिदा एकाच ताटातून. चतुर्थीचा चंद्र बघायचा नाही म्हणून शेजारी मान खाली घालून चालणार. आम्ही मात्र दोनच दिवस आधी तोच चंद्र शोधायला मान वर करून उभे होतो. पोरांना यात फार मजा वाटायची.

सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून मशिदीत गणपती बसतो. तिथे कारण पावसाचे होते. पावसात मूर्ती भिजू नये म्हणून मुसलमानांनीच ती आत घ्यायला सांगितली. कडेगावचे उंच ताबूत तर सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांतल्या कित्येक ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. म्हणजे आमचे गाव काही जगावेगळे नाही. कृष्णा-वारणा-पंचगंगेच्या या पट्ट्यात ही रीतच आहे. पण वर्तमानपत्रवाले आले, चॅनेलवाले आले, त्यांनी 'ऐक्याचा आदर्श' वगैरे लिहिले आणि ज्या गोष्टीला गावात कुणी नावही दिले नव्हते तिला एकदम नाव मिळाले. नाव मिळाले की त्यावर वाद घालता येतो.

वादाकडे वळण्याआधी 2019 चे सांगितले पाहिजे. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा आणि कृष्णा दोघी एकदम चढल्या. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, कुरुंदवाडला वेढा पडला. 2005 च्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या, त्याही बुडाल्या. 12 ऑगस्टला बकरी ईद होती. जिथे कोरडी जागा मिळाली तिथे लोकांनी ईदची नमाज पढली. नवे कपडे सोडाच, अंगावरचे वाळलेले असले तरी पुष्कळ होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक मुसलमानांनी त्या वर्षी कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले. यावरही चर्चा झाली. कुर्बानीची जागा सदका घेऊ शकत नाही, असे जाणकार मंडळी म्हणाली आणि फिकहच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ज्यांच्या गोठ्यातली जनावरे वाहून गेली होती त्यांना शेजारी उभे राहून कोण काय सांगणार होते? पाणी उतरले, गाळ उपसला, आणि 1 सप्टेंबरला मोहरमची पहिली, 2 ला गणपती. घरांच्या भिंतींना अजून ओल होती. त्या वर्षी चोंगे थोडे झाले. पण झाले. 2020 ला कोरोनामुळे मिरवणुका बंद; पीर आणि गणपती दोघेही जागच्या जागी बसून राहिले.

2020 च्या सप्टेंबरात अधिक आश्विन आला आणि ही जोडी सुटली. याआधी ती 1985 ते 1987 मध्ये जुळली होती. आता पुन्हा जुळणार ती 2050 च्या आसपास. म्हणजे 2018 ला आमच्या तिसरीच्या वर्गात जो होता, तो तेव्हा चाळिशीत असेल आणि मशिदीत काय करायचे हे ठरवणाऱ्यांत असेल. वर्गात मोहरमवर बोलताना ही गोष्ट आम्ही डोक्यातून काढू शकत नाही.

आता वाद. वर्गात विचारा, "मोहरम म्हणजे काय?" तीन उत्तरे येतात. एक म्हणतो, "सण. हमारे घर चोंगे बनते." दुसरी म्हणते, "गम का म्हैना. शादी नै करते." तिसरा, ज्याचे वडील अलीकडे जमातमध्ये जाऊन आलेले असतात, तो मोठ्या माणसासारखा सांगतो, "पंजे-वंजे बिदअत है. सिर्फ रोजा रखना." पहिल्याला अपराधी वाटू लागते. घरी जाऊन तो दादीला सांगतो की तू करतेस ते चुकीचे आहे. दादी काही बोलत नाही. चोंग्याचे पीठ मळत राहते. हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. आमच्या मोहल्ल्यात घराघरांत हेच झाले आहे.

तिसऱ्याचे म्हणणे सरळ उडवून लावण्यासारखे नाही. शरियतमध्ये ईद दोनच, ईदुल फित्र आणि ईदुल अजहा. एक रमजानच्या रोज्यांनंतर, दुसरी हजच्या दिवसांत. या दोन दिवशी आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस रोजा धरायला मनाई आहे. ते दिवस खाण्यापिण्याचे आणि अल्लाहच्या आठवणीचे. बाकी सर्व लोकांनी जोडलेले. आशुऱ्याचा रोजा मात्र पैगंबरांनी स्वतः धरलेला. हिजरतनंतर मदिनेत आल्यावर त्यांना दिसले की यहुदी या दिवशी उपवास करतात; हजरत मूसा आणि त्यांच्या कौमला फिरऔनपासून सुटका मिळाल्याची ती आठवण. मूसांवर आमचा हक्क अधिक, असे म्हणून पैगंबरांनीही रोजा धरला आणि धरायला सांगितले. सन 2 हिजरीत रमजानचे रोजे फर्ज झाल्यावर आशुऱ्याचा रोजा ऐच्छिक राहिला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी नववीचाही रोजा जोडण्याची इच्छा सांगितली, म्हणून आपल्याकडे नववी-दहावी किंवा दहावी-अकरावी असे दोन रोजे धरतात. करबला त्यानंतर, सन 61 हिजरीत, म्हणजे इसवी सन 680 मध्ये. त्याच तारखेला हजरत इमाम हुसैन शहीद झाले आणि एका दिवसावर दोन आठवणी आल्या, सुटकेची आणि शहादतीची.

हे सगळे आम्ही मुलांना सांगतो आणि रोज्याचे महत्त्व त्यात कमी करत नाही. पण त्या रोज्याच्या गोष्टीत एक बारकावा आहे, तो तिसऱ्या मुलाला आणि त्याच्या वडिलांनाही दाखवावासा वाटतो. हा रोजा सुरू झाला तो शेजाऱ्याचा उपवास पाहून. मदिनेत दुसऱ्या धर्माचे लोक उपाशी दिसले, कारण विचारले, कारण पटले, आणि आपणही उपाशी राहिले. पुढे नववी जोडून वेगळेपणही राखले. आधी बरोबर बसणे आणि मग आपली रीत आपली ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्याच एका रोज्यात आहेत. ज्यांना फक्त नववीची आठवण राहते, त्यांनी दहावी कुठून आली तेही मुलांना सांगावे, इतकीच आमची विनंती.

पंज्याबद्दल आमचे मत विचाराल, तर रोजा आमचा आहे आणि पंजा गावाचा आहे. गावातल्या ज्या माणसाने कधी कलमा ऐकला नाही, तोही पिरासमोर चप्पल काढतो आणि खाईभोवती उभा राहतो. आम्ही स्वतः पंज्यापुढे झुकत नाही. पण तो उचलून फेकायचा अधिकार आमच्याकडे आहे असेही मानत नाही. मशिदीतली पाचही वक्तांची नमाज नीट होते आहे ना, हे बघावे. ती होत नसताना मोहरमचे दहा दिवस बिदअतवर तकरीर करणारे आम्ही पाहिले आहेत. फजरला त्यांची सफ मोकळी असते.

ही झाली आतली बाजू. बाहेरची बाजू अधिक जड आहे.

2021 ते 2023 जिलहजची जोडी आषाढाशी होती. 2022 च्या 10 जुलैला आणि 2023 च्या 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुसलमानांनी आपणहून ठरवले की त्या दिवशी फक्त नमाज, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. शरियतनेच कुर्बानीला 10, 11 आणि 12 जिलहज असे तीन दिवस दिले आहेत, त्यामुळे यात धर्माला कुठे मुरड घालावी लागली नाही. शेजारी विठ्ठलाचा उपास धरून बसला आहे, आपण एक दिवस थांबू, इतके साधे. ईद-ए-मिलादचेही तसेच. 2023 ला मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या, तेव्हा अनेक ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. 2024 आणि 2025 ला मिलाद आणि विसर्जन लागोपाठच्या दिवशी आले, तेव्हाही जुलूस पुढे नेण्यात आला.

पण 2023 च्या जूनमध्ये एक गोष्ट वेगळी होती. 7 जूनला कोल्हापूर शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक आणि तोडफोड झाली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी ईद. कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची हा निर्णय 2022 लाही झाला होता, 2023 लाही झाला. निर्णय तोच. 2022 ला तो सांगताना लोक हसत होते. 2023 ला बैठकीत एक चाचा म्हणाले, "पिछले साल हम दिए थे. इस साल हमसे ले रहे हैं, ऐसा लगता." त्यांच्या या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. निर्णय मात्र बदलला नाही, आणि बदलला नाही हे बरे झाले असे आम्हाला वाटते. कोणी डोळे वटारले म्हणून आपण आपला जुना चांगुलपणा सोडला, तर मग डोळे वटारणारा जिंकला. पण चाचांना जे वाटले ते खोटे होते असे कोणी म्हणू नये.

2024 ला मोहरम आषाढात आला. 17 जुलैला आशुरा आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. त्याच्या तीन दिवस आधी, 14 जुलैला, म्हणजे 7 मोहरमला, आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जमावाने मुसलमानांची घरे फोडली, मशीद फोडली. गडावरच्या अतिक्रमणाचा विषय होता; ज्यांची घरे फुटली ती गडावर नव्हती. त्याची चित्रे मोबाईलवरून आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळपर्यंत पोचली. फुटलेल्या कपाटातून बाहेर आलेले कपडे, पोरांची दप्तरे. शाळेत दुसऱ्या दिवशी मुले गप्प होती. एकाने विचारले, "सर, वो लोग के घर में भी चोंगे बने थे क्या?" आम्ही म्हणालो, बने होंगे. यापेक्षा जास्त काही सुचले नाही.

पीर बसलेलेच होते. ते उठवायचे का, मिरवणूक छोटी करायची का, यावर रात्री कुजबुज चालली. आमच्या गल्लीत तेव्हा कोणत्याही कमिटीचा ठराव झाला नाही. झाले ते असे, की सकाळी नेहमीचे लोक नेहमीप्रमाणे आले. ज्यांचा नवस होता त्यांनी नारळ आणला, ज्यांची लाकडे द्यायची पाळी होती त्यांनी खाईची लाकडे टाकली. त्यांतले निम्मे आमच्या धर्माचे नव्हते. गजापूरबद्दल ते काही बोलले नाहीत. याचा आम्हाला राग आला होता हे लपवण्यात अर्थ नाही. एका शब्दाने तरी बोलावे, असे वाटत होते. लाकडे टाकून एकजण जाताना फक्त म्हणाला, "यंदा खाई मोठी करा." त्याला काय म्हणायचे होते ते आम्ही आपापल्या परीने समजून घेतले.

17 तारखेला दोन्हीकडे उपास. आमचा रोजा निर्जळी, सहेरीपासून मग्रिबपर्यंत. त्यांचा साबुदाणा, भगर, रताळे चालणारा, पण दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटणारा. कोणाचा अवघड, यावर गल्लीत दरवर्षी बायकांचा वाद होतो आणि तो कधीच सुटत नाही. "तुमचं बरं बाई, संध्याकाळी बिर्याणी," असे एक म्हणते. "और तुम तो दिनभर खातेच रैते," असे दुसरी. खजूर मात्र दोन्ही उपासांना चालतो. त्यामुळे त्या दिवशी खजुरांची पिशवी आमच्याकडून तिकडे गेली आणि साबुदाण्याची खिचडी इफ्तारच्या वेळी तिकडून इकडे आली. शेंगदाण्याचे कूट जास्त घातलेली. रोजा सोडताना पाण्याच्या घोटानंतर साबुदाणा खाणे पोटाला जडच. पण खाल्ला.

2025 ला पुन्हा तेच, 6 जुलैला. या वेळी रविवार होता, त्यामुळे मुलांनीही हौसेने रोजा धरला. तिसरीतल्या एकीने दुपारी दोनलाच मोडला आणि मोठ्या धीराने सांगितले की तिचा एकादशीचा होता. ही जोडीही आता सुटते आहे. 2026 ला ज्येष्ठ अधिक, त्यामुळे आशुरा आषाढीपासून महिनाभर दूर.

या सगळ्यात आमची एक छोटी तक्रार आहे ती मांडून ठेवतो. आम्ही त्यांची पंचांगे पाठ केली. एकादशी कधी, चतुर्थी कधी, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे आमच्या घरातली म्हातारी माणसेही सांगतील. आमचे कॅलेंडर मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. रमजानात भर दुपारी शिक्षकांचे प्रशिक्षण ठेवतात आणि चहाचा कप पुढे करून 'घ्या हो, एका कपाने काय होतंय' म्हणतात, त्यात दुष्टावा नसतो. पण माहिती नसणे हे काही कायमचे कारण होऊ शकत नाही. ईदची सुट्टी चांदप्रमाणे एक दिवस पुढे गेली की 'तुमचं काही नक्कीच नसतं' हे दरवर्षी ऐकावे लागते. त्यावर आमचे उत्तर तयार आहे. आमचे नक्की आहे, फक्त ते आकाशात बघून ठरते. 'कधी आहे?' असे विचारण्याऐवजी एकदा संध्याकाळी गच्चीवर या.

आणि येतातही. शेजारच्या आजी दरवर्षी शाबानच्या 29 तारखेला आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. त्यांची नजर आता नीट नाही, तरी चांद पहिल्यांदा आपल्यालाच दिसतो असा त्यांचा दावा असतो आणि तो कोणी खोडत नाही. 2025 च्या त्या संध्याकाळी आम्ही त्यांना सांगत होतो की रमजान असाच मागे सरकत जाणार आणि 2030 साली तर तो एकाच वर्षात दोनदा सुरू होणार, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. संक्रांत सूर्यावर चालते, ती जागची हलत नाही. म्हणजे त्या जानेवारीत संक्रांत रमजानाच्या पहिल्या पंधरवड्यात येईल आणि तिळगूळ इफ्तारला द्यावा लागेल. आजींनी बोटांवर हिशेब केला. पाच वर्षे. मग आमच्या अम्मीकडे वळून म्हणाल्या, "तवा वड्या मऊ कर गं. मला दात ऱ्हायचे न्हाईत."